हत्ती कोपऱ्यात गेलाच कसा

"संगणकाच्या पोटात शिरून गुन्हेगाराची मानगूट पकडणारा माणूस या अख्ख्या शहरात एकच आहे, आणि तो या क्षणी तुमच्यासमोर उभा आहे," असं माझा नवरा म्हणाला. समोर नळ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याने मान वर न करता बादली मागितली.

नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. थोर माणसांची कदर त्यांच्या हयातीत होत नसते, एवढं म्हणून त्याने बादली आणून दिली. तो स्वतःला "बगांचा कर्दनकाळ" म्हणवतो. मीही इथे त्याला कर्दनकाळच म्हणणार आहे, तेही आदरार्थी बहुवचनात. घरात मी त्याला काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

तर आमचे कर्दनकाळ प्रोग्रॅम लिहितात आणि मी ते तपासते. म्हणजे त्यांनी बांधायचं आणि मी लाथ मारून बघायचं. घराची पुढची खोली हेच आमचं ऑफिस. प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर तिला बग म्हणतात. साधा प्रोग्रॅमर ती दुरुस्त करतो आणि जेवायला बसतो. आमच्याकडे तसं चालत नाही. आमच्याकडे बगाचा "तपास" होतो, संशयित ठरतात, हेतू शोधले जातात, आणि कर्दनकाळ पडद्यावर भिंग धरून बसतात. अक्षरं मोठी करायची सोय संगणकातच असते हे मी एकदा सांगून पाहिलं. भिंगातून जे दिसतं ते वेगळं, असं उत्तर मिळालं.

या ऑफिसात एकच कडक कायदा आहे: संगणकाजवळ चहा आणायचा नाही. हा कायदा कर्दनकाळांनीच केला, कीबोर्डवर अख्खा कप सांडला त्या दिवशी. कप कोणी सांडला याचाही तपास झाला होता आणि त्यात मांजर दोषी ठरलं होतं. आमच्याकडे मांजर नाही.

आता मुख्य प्रकरण. माझे बाबा आमच्याकडेच राहतात. ते जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते, म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारे. ती सवय अजून गेलेली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचतानासुद्धा त्यांच्या हातात लाल पेन्सिल असते. त्याच छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला जुळारीकाका होते. बाबांनी चुका काढायच्या आणि काकांनी शिव्या देत त्या दुरुस्त करायच्या, असा दोघांचा दिवस जायचा. अशाने जी मैत्री होते ती तुटता तुटत नाही, असं आम्ही समजत होतो.

चहाच्या सुट्टीत दोघं बुद्धिबळ खेळायचे. पण सुट्टी एवढीशी आणि बुद्धिबळ एवढं मोठं. डाव निम्म्यावर आला की मालक दारात उभे. म्हणून त्यांनी स्वतःचं बुद्धिबळ तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं "मधली सुट्टी". त्यात प्याद्याला कधीही दोन घरं पळता येतं. घोड्याने कोणाला मारलं की त्याला लगेच आणखी एक उडी मिळते. आणि राजाला सबंध डावात एकदा आपल्याच कोणत्याही मोहऱ्याशी जागा बदलता येते, या चालीला ते "बदली" म्हणतात. बाकी सगळं नेहमीसारखं. छापखाना बंद झाला, दोघं निवृत्त झाले, पण "मधली सुट्टी" रोज दुपारी आमच्या बैठकीत, त्याच जुन्या लाकडी पटावर चालूच राहिली.

मग काकांचे गुडघे गेले आणि त्यांची मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. पहिल्या आठवड्यात बाबा पट मांडून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत होते. तेव्हा कर्दनकाळांनीच ठरवलं की "मधली सुट्टी" संगणकावर आणायची. मला हे कबूल करायला जड जातं, पण प्रोग्रॅम छान झाला होता. बाबांनी नियम सांगितले, काकांनी फोनवरून त्यांना दुजोरा दिला, आणि मी सगळीकडून लाथा मारून पाहिल्या. दुपार झाली की बाबा स्वयंपाकघरात चहा पिऊन, तोंड पुसून ऑफिसात येत. इथे बाबा, तिथे काका, मध्ये संगणक, आणि फोनवर दोघांची बडबड. एरवी या खोलीत शांतता नसेल तर मला काम सुधरत नाही, पण ती बडबड मला आवडायची.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी बाबा मजेत होते. त्यांनी बदली घेऊन राजा खाली डावीकडे नेला, कोपऱ्यालगतच्या घरात. ही त्यांची जुनी आवडती जागा. तेवढ्यात काकांचा हत्ती कडेच्या ओळीतून सरसर खाली आला आणि थेट त्या कोपऱ्यात जाऊन बसला. पडद्यावर अक्षरं आली: मात.

बाबा पडद्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तिथे हत्ती जात नाही."

"का जात नाही? वाट मोकळी आहे, रेष सरळ आहे," पलीकडून काका म्हणाले.

"नाही जात. इतक्या वर्षांत कधी गेलाय?"

"म्हणून काय झालं?"

कोणता नियम मोडला ते बाबांना सांगता येईना. पण मोडला होता, याबद्दल त्यांची खात्री होती. जन्मभर ज्यांनी प्रत्येक चुकीवर बोट ठेवलं त्यांना ही एक चूक दिसत होती आणि सापडत नव्हती. त्या चिडीत त्यांच्या तोंडून शब्द गेला, खोटारडा. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर काकांनी बाबांचा फोन घेतला नाही. बाबांनी दोनदा केला, मग तेही थांबले. बैठकीतला जुना पट आवरून कपाटावर गेला. बाबा दुपारी झोपायला लागले, आणि दुपारी झोपणं म्हणजे आयुष्य अर्धं करणं असं आम्हाला लहानपणी ऐकवणारे हेच बाबा. मी ऑफिसातून डोकावून बघायचे तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, डोळे उघडे. मला फार वाईट वाटायचं. या वयात नवीन मित्र कुठून आणायचा?

"प्रोग्रॅमने बेकायदा चाल खेळू दिली," असं बाबांचं म्हणणं. म्हणजे आरोप थेट कर्दनकाळांच्या अब्रूवर. त्यांनी भिंग पुसलं आणि तपास हाती घेतला.

पहिला सिद्धांत दुपारपर्यंत तयार झाला. संगणक शून्यापासून मोजतो. माणसाच्या पटावर घरं एक ते आठ, संगणकाच्या पटावर शून्य ते सात. आणि तो कोपरा म्हणजे शून्य-शून्य. कर्दनकाळ आवाज खाली आणून म्हणाले, "लक्षात येतंय का तुझ्या? शून्य-शून्य. म्हणजे जे घर अस्तित्वातच नाही. हत्ती नसलेल्या घरात गेला." मी विचारलं, मग डावाच्या सुरुवातीला त्याच घरात बाबांचा हत्ती उभा असतो, तो कुठे उभा असतो? कर्दनकाळ म्हणाले, साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. मी मुकाट्याने प्रत्येक मोहरा चारही कोपऱ्यांत नेऊन आणला. सगळे नीट गेले, नीट आले. मोजणीत काडीची चूक नव्हती.

दुसऱ्या सिद्धांतात कट होता. काका इतकी सुंदर चाल स्वतः खेळणं शक्य नाही, त्यांना घरातून कोणीतरी शिकवतंय, असं कर्दनकाळांनी ठरवलं. मग त्यांनी नाकावर रुमाल धरून, आवाज घोगरा करून काकांच्या मुलीला फोन लावला. मी टेलिफोन कंपनीतून बोलतोय, आपल्या घरात बुद्धिबळ जाणणाऱ्या व्यक्ती किती, असं विचारलं. ती म्हणाली, "भावजी, सर्दी झालीय का तुम्हाला? वाफ घ्या." तिने हेही सांगितलं की घरात बुद्धिबळ कोणाला येत नाही, आणि काका हल्ली दुपारी झोपतात. हे ऐकून मी बाबांच्या खोलीत डोकावून आले. कर्दनकाळ मात्र टेलिफोन कंपनीचं सोंग कुठे फसलं याच्या विचारात होते.

तिसऱ्या सिद्धांताने कहर केला. कर्दनकाळांनी बाबांची उलटतपासणी घेतली आणि त्यात एक विलक्षण गोष्ट निघाली. बाबा प्रत्येक डावात सगळ्यात आधी आपला डावा हत्ती त्या कोपऱ्यातून बाहेर काढतात. बुद्धिबळ शिकलेला माणूस असं करत नाही. का काढता, विचारलं तर बाबा म्हणाले, सवय. कर्दनकाळांचे डोळे चमकले. त्यांनी स्टुलावर चढून कपाटावरचा पट काढला, खिडकीशी नेला आणि तासभर भिंगाखाली धरला. मग मला हाक मारली.

कोपऱ्यातल्या त्या घरावर एक गोल डाग होता. तपकिरी, जुना, लाकडात मुरलेला. बाकीच्या घरांवर काही नाही, या एकाच घरावर.

"वर्तुळ," कर्दनकाळ म्हणाले.

"मला दिसतंय."

"तुला दिसतंय. मला कळतंय."

कर्दनकाळांना जे कळलं ते असं: दोघांनी फार पूर्वी एक गुप्त नियम केला होता आणि वयोमानाने ते तो विसरले. वर्तुळ ही त्याची खूण. वर्तुळ म्हणजे विहीर. कोपऱ्यात विहीर आहे, जो जाईल तो बुडेल, म्हणून बाबा आपला हत्ती आधी बाहेर काढतात. मी डाग बोटाने घासला, त्याचा वास घेतला. काही वास आला नाही. मला काहीतरी आठवल्यासारखं वाटत होतं, पण तोवर कर्दनकाळ प्रोग्रॅममध्ये विहीर खणायला बसले होते.

विहीर तयार झाल्यावर बाबांना उठवून आणलं. माझ्याशी डाव मांडला आणि पहिली चाल व्हायच्या आत बाबांचा डावा हत्ती बुडाला, कारण डाव सुरू होताना तो तिथेच उभा असतो. कर्दनकाळांनी घाईघाईने दुरुस्ती केली, पहिल्या चालीनंतर विहिरीला पाणी लागेल अशी. डाव पुढे सरकला. बाबांनी राजाची बदली केली, राजा कोपऱ्यालगत आला, पुढच्या चालीला शह चुकवायला एक घर सरकला आणि डुबुक झाला. राजा बुडाल्यावर डाव संपतो हे कर्दनकाळ विहिरीला सांगायला विसरले होते. त्यामुळे राजा नसलेल्या त्या राज्यात प्यादी शांतपणे पुढे चालत राहिली.

बाबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पडद्यावरच आडवी रेघ मारली. ती रेघ अजून नीट पुसली गेलेली नाही. मग ते उठले.

"तुम्ही नका त्रास घेऊ, जावईबापू. संपला आमचा खेळ," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

कर्दनकाळांचं तोंड उतरलं. हा माणूस कितीही अघळपघळ बोलला तरी त्याचा बाबांवर जीव आहे. त्याने भिंग खणात ठेवलं आणि मला म्हणाला, "तू बघ आता. माझं डोकं चालत नाही." आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. भिंतीवर कोरून ठेवावंसं वाटलं, पण वेळ तशी नव्हती.

तपासनिसाचं पहिलं काम साधं असतं. जे घडलं ते होतं तसं पुन्हा घडवून बघायचं. आम्ही सगळं संगणकावर घडवून पाहिलं होतं, आणि बाबा मात्र म्हणत होते "इतक्या वर्षांत कधी गेलाय?" ती इतकी वर्षं संगणकावर गेलीच नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी जुना पट बैठकीत नेहमीच्या तिवईवर मांडला, वादाचा डाव जशाच्या तसा लावला आणि बाबांना म्हटलं, मी काका होते, तुम्ही खेळा. बाबा नाही नाही म्हणत बसले. पटासमोर बसल्यावर मात्र त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

कर्दनकाळ प्रायश्चित्त म्हणून चहा करून घेऊन आले. त्यांच्या एका हातात किटली, दुसऱ्यात कप, तिवईभर पट, कप ठेवायला इंचभर जागा नाही. ते तसेच उभे राहिले.

बाबा पटावरची नजर न काढता म्हणाले, "ठेवा की त्याच्या जागी."

"कुठे?"

"कोपऱ्यात."

कर्दनकाळ खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि कप जमिनीवर ठेवून आले. बाबांनी हताश होऊन मान हलवली, उठून कप आणला आणि पटावर ठेवला. डाव्या हाताला, कोपऱ्यातल्या घरात, बरोबर त्या डागावर. आणि पुन्हा डाव बघायला लागले.

मी काकांचा हत्ती उचलला होता. कडेच्या ओळीतून तो खाली आणला आणि माझा हात हवेतच थांबला. जायला जागाच नव्हती. तिथे चहा होता.

"बाबा," मी म्हटलं, "छापखान्यात कप कुठे ठेवायचात?"

"कुठे म्हणजे? टेबलावर प्रुफं पसरलेली. त्यावर चहा सांडला तर मालक जीव घेतील. पटावर ठेवायचा." एवढं बोलून बाबा थांबले. त्यांनी कपाकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, पण हा काही नियम नव्हे. हा चहा आहे."

म्हणूनच तो त्यांनी कधी कोणाला सांगितला नव्हता. हत्ती आधी बाहेर काढायचा तो कपाला जागा करायला, आणि राजा कोपऱ्याशी न्यायचा तो कपाच्या आडोशाला. काका चहा उभ्या उभ्या एका घोटात संपवायचे, त्यामुळे पटावर कप एकच, बाबांचा. आणि संगणकावर तो कप का नव्हता? कारण संगणकाजवळ चहा आणायला बंदी होती. मी कर्दनकाळांकडे पाहिलं. गुन्हेगार सापडला होता. तो चहाची किटली धरून उभा होता.

मी काकांना फोन लावला. माझा फोन ते घेतात. बाबांनाही ऐकू जावं म्हणून तो तिवईवर ठेवला.

"काका, त्या घरात बाबांचा चहाचा कप असायचा."

काकांनी पलीकडे खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "सापडलं का शेवटी?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? समोरच बसायचो ना मी. तुझा बाप हरायला लागला की तो एक कप सुट्टी संपेपर्यंत पुरवायचा. जिंकायला लागला की एका घोटात मोकळा. जन्मभर माझा हत्ती त्या कपावर जाऊन आपटला. आणि त्या दिवशी बघतो तर घर रिकामं." काकांचा आवाज बारीक झाला. "माझ्या आयुष्यातली एकच सुंदर मात होती गं ती. आणि हा मला खोटारडा म्हणाला."

बाबा खाली बघत होते. पटावरचा कप त्यांनी हळूच उचलून हातात घेतला, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. बाबांनी कधी कोणाची स्तुती केल्याचं मला आठवत नाही. मजकुरात चूक नसली की ते पानाच्या खाली बारीक सही करायचे, तीच त्यांची शाबासकी. ते फोनकडे वाकले.

"जुळाऱ्या, चाल बरोबर होती," म्हणाले. "शोधली मी पुष्कळ. चूक नाही त्यात."

मग काका म्हणाले, "ते राहू दे. उद्या खेळायचं का?"

"खेळू. पण कप मी ठेवणार."

"मग मलाही पाहिजे. माझ्या बाजूच्या कोपऱ्यात."

"तू एका घोटात संपवतोस."

"तेव्हा घाई होती," काका म्हणाले. "आता कुठली घाई?"

कर्दनकाळांनी त्याच दिवशी विहीर बुजवली आणि दोन कप घातले. प्रत्येक खेळाडूचा हत्ती बाहेर पडला की त्याच्या कोपऱ्यात एकेक तपकिरी वर्तुळ, आणि खाली बटण: "चहा संपला". आपला खरा चहा संपला की इमानदारीने ते दाबायचं, मग ते घर खुलं. चहाबंदीचा कायदा बाबांपुरता रद्द झाला. कर्दनकाळांना तो अजून लागू आहे. नळवाला परवा पुन्हा आला तेव्हा ते त्याला सांगत होते की त्यांचा संशय पहिल्यापासून चहावरच होता, म्हणून तर त्यांनी बंदी घातली होती. त्याने बादली मागितली.

नवा प्रोग्रॅम मी तपासला, एकही बग नाही. फक्त ते बटण अजून कोणी दाबलेलं नाही. काल दुपारी मी कप न्यायला गेले तर चहावर साय धरली होती. बाबांनी पटकन कपावर हात ठेवला.

"बाबा, गार झालाय तो."

"होऊ दे. त्याचा हत्ती बघ कुठे उभा आहे."

फोनमधून काका ओरडले, तिला नेऊ दे रे तो कप. बाबांनी कप उचलला, नुसता ओठांना टेकवला आणि पुन्हा जागेवर ठेवला.